कपाटातले इंग्रजी

दहावीच्या इंग्रजीत शंभरापैकी पंचाहत्तर गुण मिळवलेल्या मुलाच्या हाती एखादे इंग्रजी वर्तमानपत्र द्यावे आणि पहिल्या पानावरची कुठलीही चार वाक्ये वाचून अर्थ सांग, असे म्हणावे. बहुतेक घरांत पुढचा प्रकार सारखाच होतो. मुलगा अडखळतो, वडिलांकडे बघतो. वडील आईकडे बघतात. गुण खोटे नसतात. पेपर फुटलेला नसतो, मुलाने कॉपी केलेली नसते. वर्षभर रात्री जागून त्याने अभ्यास केलेला असतो. त्या अभ्यासात वाचन मात्र कुठे आलेले नसते.

मी माण तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत १९८६ साली इंग्रजीची शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि २०२१ साली निवृत्त झाले. या पस्तीस वर्षांत पाठ्यपुस्तके बदलली, परीक्षेचा आराखडा बदलला, खडूफळ्याच्या जागी काही वर्गांत पडदा आला. इंग्रजीचा तास मात्र फारसा बदलला नाही. शिक्षक एक वाक्य वाचतात, त्याचा मराठी अर्थ सांगतात, मग पुढचे वाक्य. मुले पुस्तकात प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने अर्थ लिहून घेतात. दिवाळीपर्यंत पान असे दिसते की इंग्रजी ओळ खाली, मराठी ओळ वर आणि दोहोंच्या मध्ये मुंगीलाही शिरायला जागा नाही. त्यानंतर प्रश्नोत्तरे फळ्यावर येतात, वहीत उतरतात आणि मार्चपर्यंत पाठ होतात. निबंधही पाठ. यात सर्वांत लाडका निबंध 'माझा छंद', आणि तो छंद असतो वाचन! वर्गातल्या पंचावन्न मुलांचा छंद वाचन असतो आणि शाळेच्या ग्रंथालयाच्या कुलपाला गंज चढलेला असतो. हा विनोद मी दर वर्षी तपासत असे. त्याला गुणही द्यावे लागत.

'असर' या नावाने ग्रामीण भागातल्या मुलांची जी पाहणी होते, तिच्या २०२३ च्या फेरीत चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींना इंग्रजीतली साधी वाक्ये वाचायला दिली होती. देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या या मुलांपैकी ५७.३ टक्क्यांना ती वाचता आली. वाचता आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. म्हणजे साध्या वाक्यांपाशीच निम्म्याहून अधिक मुले कुठे ना कुठे थांबली. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला अधिक बोचतो. याच वयाच्या सुमारे २५ टक्के मुलांना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नव्हता. इंग्रजी कच्चे म्हणून आपण ज्याला शिकवणी लावतो, त्याचे मराठी वाचन कुणी कधी ऐकले आहे का?

एक साधा हिशेब करून पाहा. माध्यमिक शाळेतल्या कुठल्याही इयत्तेचे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक घ्या. त्यातले स्वाध्याय, चित्रे आणि कोष्टके सोडून नुसते धडे आणि कविता सलग वाचायला बसा. एका दुपारी पुस्तक संपते. एका दुपारचे वाचन आपण दहा महिने पुरवतो. पोहायला शिकवताना मुलाला रोज एक तांब्या पाणी द्यावे, त्यातला प्रत्येक थेंब समजावून सांगावा, आणि वर्षाच्या शेवटी त्याला विहिरीत ढकलावे, तसे हे आहे.

आपल्याकडे इंग्रजीवरचे वाद काही कमी झालेले नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० साली पुण्यात शाळा काढली, तिच्या नावातच 'इंग्लिश' होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर आपल्या कित्येक पिढ्या पोसल्या. माझे वडीलही त्यांतलेच, आणि त्यांचे इंग्रजी माझ्यापेक्षा चोख होते. पण ती माणसे पाठमालेपाशी थांबत नसत. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवले, शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले. आम्ही त्यांच्या काळातले भाषांतर तेवढे ठेवले आणि पुढचे वाचन सोडून दिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्यात आले. पुढे ते पाचवीवर आले. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात ते पहिलीवर आले. प्रत्येक वेळी अग्रलेख झाले, परिसंवाद झाले. वाद होता तो कुठल्या इयत्तेपासून, एवढाच. मुलाने त्या भाषेत काय वाचायचे, आणि किती, हा प्रश्न कुणी फारसा काढला नाही. इयत्ता खाली आणायला एक परिपत्रक पुरते. पुस्तके आणायला पैसे लागतात, हे त्याचे एक कारण असावे.

हा प्रश्न आपल्याच उपखंडात एका माणसाने फार पूर्वी विचारला होता. मायकेल वेस्ट हे इंग्रज गृहस्थ ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगालमधली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात आणि मध्येच शाळा सोडतात, तेव्हा त्यांच्या पदरात नेमके काय पडते, हे त्यांनी तपासले. १९२६ साली त्यांचे द्वैभाषिकतेवरचे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी विम्याच्या धंद्यातला एक शब्द वापरला आहे: सरेंडर व्हॅल्यू. आयुर्विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हाती किती पडतात, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असते. वेस्टचा प्रश्न तसाच होता. सातवीत शाळा सोडणाऱ्याला त्याच्या इंग्रजीचे काय मिळते? अर्धेमुर्धे व्याकरण निरुपयोगी, अर्धेमुर्धे बोलणे गावात कुणाशी बोलणार? वाचन मात्र जेवढे आले तेवढे त्याचेच. म्हणून आधी वाचायला शिकवा, आणि त्यासाठी मोजक्या शब्दांत लिहिलेली सोपी, रंजक पुस्तके मुलांच्या हातात द्या, असे त्यांचे म्हणणे. तशी पुस्तके त्यांनी तयारही केली. पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार उपयुक्त इंग्रजी शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली; सोपी वाचनपुस्तके लिहिणारे तिचा आधार घेत आले.

बी.एड.ला असताना वेस्टवर पाच गुणांची टीप लिहावी लागे. ती मी पाठ करून लिहिली होती. त्या टिपेचा अर्थ मला माणमध्ये येऊन कळला, कारण माझ्यासमोर बसलेल्या मुलांतली निम्मी पॉलिसी मुदतीआधी मोडणार हे उघड दिसत होते. आमचा तालुका दुष्काळी. मुलींची लग्ने दहावीच्या सुट्टीत ठरत. मुलगे मुंबईला गलई कामाला किंवा माथाडीत जात. बारावीनंतरच्या इंग्रजीची स्वप्ने दाखवून या मुलांना चालणार नव्हते. त्यांना जे काही द्यायचे ते याच चार-पाच वर्षांत, आणि मध्येच हात सुटला तरी उरेल असे.

आमच्या शाळेचे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले एक लोखंडी कपाट. लहान शाळेला स्वतंत्र ग्रंथपाल नसतो. ते काम एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. ते माझ्या गळ्यात आनंदाने घालण्यात आले. कपाटात काय होते? कुणाकुणाच्या भाषणांचे संग्रह, पंचवार्षिक योजनांच्या पुस्तिका, कव्हर नसलेला इंग्रजी शब्दकोश, आणि बारीक टायपातले समग्र शेक्सपिअर. मुलांनी हात लावावा असे इंग्रजी पुस्तक एकही नव्हते. मराठीत 'श्यामची आई'च्या तीन प्रती होत्या, त्या झिजून गेल्या होत्या. 'किशोर'चे काही दिवाळी अंक होते. तेवढीच काय ती जिवंत मालमत्ता.

कपाट बंद का राहते, हेही तिथेच कळले. शाळेच्या जडवस्तुसंग्रह नोंदवहीत पुस्तक हे टेबल-खुर्चीच्या, घंटेच्या आणि पाण्याच्या पिंपाच्या शेजारी नोंदलेले असते. तपासणीला वस्तू दिसली पाहिजे. पुस्तक हरवले की ज्याच्याकडे किल्ली, त्याच्याकडे वसुली. मुलांनी वाचून वाचून फाटलेले पुस्तक हे नुकसान. कुणी न वाचता वाळवीने खाल्लेले पुस्तक हेही नुकसान. पण त्याची भरपाई कुणाच्या पगारातून होत नाही. मग शहाणा माणूस काय करील? कुलूप लावील. शिक्षकांना वाचनाची आवड नाही, अशी ओरड जे करतात त्यांनी ही नोंदवही एकदा पाहावी.

यावर उपाय म्हणजे नोंदवहीत नसलेली पुस्तके. शिक्षकखोलीत आमची भिशी होती. १९८९ साली माझा नंबर लागला तेव्हा ते पैसे घेऊन मी पुण्याला अप्पा बळवंत चौकात गेले आणि बासष्ट पुस्तके घेऊन रात्रीच्या एसटीने परतले. घरची एक पत्र्याची ट्रंक रिकामी केली. तिला कुलूप होते, पण ते लावायचे नाही असे ठरवले.

पुस्तके निवडताना मी दोन गोष्टी पाहिल्या. एक, पुस्तक मुलाच्या इयत्तेच्या निदान दोन पायऱ्या खालचे असावे. दुसरी, शक्यतो गोष्ट त्याला आधीच माहीत असावी. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तके या कामी फार उपयोगी पडली, कारण तेच पुस्तक, तीच चित्रे, मराठीतही मिळत आणि इंग्रजीतही. मिकी पटेल यांचे रूपा हत्तीचे पुस्तक मी दोन्ही भाषांत घेतले. अशा जोड्यांना मुले 'जोडपुस्तकं' म्हणू लागली. अमर चित्रकथा होत्या. शिवाजी महाराजांचे चरित्र इंग्रजीत वाचताना आमच्या मुलांना शब्दकोश लागत नसे. पुढे काय होणार हे त्यांना तोंडपाठ, मग अनोळखी शब्द आपोआप ओळखीचे होत. सोव्हिएत प्रकाशनांची बालपुस्तके त्या वेळी मातीमोल भावात मिळत. जाड कागद, सुंदर चित्रे, बर्फातली मुले. १९९१ नंतर तो देशच राहिला नाही आणि पुस्तकेही आटली. जागतिक राजकारणाची झळ आमच्या ट्रंकेला लागली ती अशी.

शनिवारी सकाळची शाळा असते. तिचा शेवटचा तास मी मागून घेतला. त्या तासाला कुणी काही शिकवायचे नाही. मुलाने ट्रंकेतून पुस्तक घ्यायचे आणि वाचायचे. एखाद्या पानावर अडलेल्या प्रत्येक शब्दाला एकेक बोट मिटायचे; पान संपायच्या आत मूठ वळली तर पुस्तक जड आहे, परत ठेवायचे आणि दुसरे घ्यायचे. प्रश्न विचारायचे नाहीत. सारांश लिहायचा नाही. कठीण शब्दांची यादी करायची नाही. एका वहीत फक्त नाव, पुस्तक आणि तीन रकान्यांपैकी एकात खूण: आवडले, ठीक, सोडून दिले. या तिसऱ्या रकान्यावरून माझे वरिष्ठांशी बरेच वाजले. "बाई, पुस्तक अर्धवट सोडायला तुम्हीच शिकवणार का?" असे एका तपासणी अधिकाऱ्यांनी विचारले. मी म्हटले, "साहेब, आपण घरी सगळी पुस्तकं शेवटपर्यंत वाचता का?" ते हसले आणि शेऱ्यात 'उपक्रम स्तुत्य' असे लिहून गेले.

त्या तासाला मीही वाचत बसे. वह्या तपासायच्या नाहीत, असा माझाच मला नियम होता. शिक्षक वाचताना मुलांनी कधी पाहिलेलेच नसते. ते शिक्षकाला शिकवताना, ओरडताना, लिहिताना, चहा पिताना पाहतात. पहिल्या महिन्यात मुले पुस्तकापेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होती.

खरी अडचण निराळीच निघाली. आठवीच्या मुलाला मिसरूड फुटत असते. त्याच्या हातात मोठ्या अक्षरांचे हत्तीचे पुस्तक दिले की मागच्या बाकावरून हसू येते. आमच्या शाळेत पाचवीचे वर्गही होते. मग असे केले की आठवीच्या मुलांनी महिन्यातून दोनदा पाचवीच्या वर्गात जाऊन एकेका मुलाला गोष्ट वाचून दाखवायची. आता हत्तीचे पुस्तक हातात घेणे हे मोठेपणाचे काम झाले. 'पाचवीच्या पोराला दाखवायचंय' म्हणून आठवीचा मुलगा ते पुस्तक घरी नेऊन चार वेळा वाचू लागला. नेमके तेच तर हवे होते!

यातला एक मुलगा विसरता येत नाही. दसरा-दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरणाऱ्या कुटुंबातला. प्राथमिक शाळेतली त्याची निम्मी वर्षे वाटेवर गेलेली. वर्गात त्याच्यावर वाचायची पाळी आली की त्याचा घसा दुखे. मराठीचा धडा मात्र तो घडाघडा म्हणून दाखवी. एकदा मी त्याच्या मागे उभी होते आणि पुस्तकाचे पान शेजारच्या मुलाने उलटल्यावर, दोन वाक्ये उशिरा, त्याने उलटले. तो वाचत नव्हता. शेजाऱ्याचे ऐकून, घोकून, म्हणत होता. आठवीपर्यंत त्याने हे निभावले होते. त्या हुशारीला काय म्हणावे? वर्गात मी काही बोलले नाही. शनिवारी रूपा हत्तीचे मराठी पुस्तक त्याच्यापुढे ठेवले आणि पाचवीचा एक मुलगा त्याच्या नावावर लावला. तीन आठवडे पुस्तक त्याच्याकडे राहिले. धाकट्या बहिणीकडून, ती तिसरीत होती, त्याने ते ओळीओळीने बसवून घेतले, हे मला नंतर कळले. मग एका शनिवारी ट्रंकेपाशी येऊन, कुणी ऐकत नाही ना हे बघून, तो म्हणाला, "बाई, हत्तीचं झालं. आता तेच इंग्रजीतलं द्या."

नववी संपेपर्यंत वहीत त्याच्या नावावर सतरा पुस्तके होती. त्यांतली पाच 'सोडून दिले'. दहावीला इंग्रजीत त्याला ४१ गुण पडले, गणिताने त्याला एकदा अडवले, पुढे तो शिकला नाही. आता पिकअप गाडी चालवतो. काही वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. गाडीच्या कर्जाचे कागद इंग्रजीत होते आणि एजंट 'इथे सही करा' म्हणून बोट ठेवत होता. याने घरी नेऊन रात्री वाचतो असे सांगितले होते. हप्ता चुकला तर काय, याचा एक परिच्छेद त्याने मला फोनवर अडखळत वाचून दाखवला आणि आपल्याला लागलेला अर्थ सांगितला. अर्थ बरोबर होता. सरेंडर व्हॅल्यू यालाच म्हणत असावेत.

वरच्या वर्गांसाठी ट्रंकेत जरा भारी पुस्तके हळूहळू आली. संक्षिप्त केलेले जगप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ मुले बहुधा तिसऱ्या रकान्यात टाकत; गोष्ट चिरडून तिची पेंड केलेली असते, त्यात रस कुठला राहणार? त्यापेक्षा आर. के. नारायण यांचा 'स्वामी' त्यांना जवळचा वाटे. नववीच्या एका तुकडीला मी पु. ल. देशपांडे यांचे 'एका कोळियाने' मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यानंतर हेमिंग्वेची मूळ इंग्रजी कादंबरी समोर ठेवली. समुद्र त्या वर्गातल्या एकानेही पाहिलेला नव्हता. पण चौऱ्याऐंशी दिवस गळाला मासा न लागलेला म्हातारा त्यांना लगेच कळला. ढगाकडे बघत बसणारी माणसे त्यांच्या घरोघरी होती. मराठी डोक्यात ताजे असल्यामुळे इंग्रजीतली छोटी छोटी वाक्ये त्यांना पेलली. सगळी नाही, पहिली वीस-पंचवीस पाने पंधरा-सोळा मुलांनी, आणि अख्खे पुस्तक तिघींनी वाचले. त्यांतल्या एकीने विचारले, "म्हाताऱ्याला स्वप्नात सिंहच का दिसतात, बाई? मासा का नाही?" पस्तीस वर्षांत पाठ्यपुस्तकाखालच्या प्रश्नांपलीकडचे जे मोजके प्रश्न मला मुलांनी विचारले, त्यांत हा पहिला. उत्तर मला आजही नीट देता येणार नाही. त्या तासाला आम्ही त्यावर चांगले अर्धा तास भांडलो, आणि मुले नकळत इंग्रजी पुस्तकातली पाने उलटून पुरावे काढत होती.

हे फक्त आमच्या गावचे नवल नव्हते. १९८० च्या सुमारास फिजी बेटांवरच्या खेड्यांतल्या शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी असाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला होता. चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी अडीचशे सचित्र इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली. मुलांची घरची भाषा अर्थातच इंग्रजी नव्हती. पहिल्या वर्षअखेर वाचून आणि ऐकून समजण्यात त्या मुलांची प्रगती नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या दुप्पट वेगाने झाली होती. १९८३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माझ्या वाचनात ते फार उशिरा आले. आधी आले असते तर त्या तपासणी अधिकाऱ्यांच्या हाती दिले असते.

आता पालकांकडे वळते. दर जूनला शाळेच्या दारात एक तरी संवाद ठरलेला. "बाई, तुमचं शिकवणं चांगलं हाय, तक्रार न्हाई. पण पोरगीला यंदा इंग्लिश मीडियमला घालतोय. कुठं मागं पडायला नको." अशा बापाला दोष द्यायला माझी जीभ कधी वळली नाही. त्याने आपल्या आयुष्यात इंग्रजीपायी किती ठिकाणी मान खाली घातलेली असते, हे त्याचे त्यालाच माहीत. पण अशा मुली पुढे दोन-तीन वर्षांनी आमच्याकडे परत येत तेव्हा काय दिसे? तिथेही इंग्रजी वाक्याचा मराठी अर्थच सांगितला जात होता. फरक एवढाच की गणित आणि परिसर अभ्यासही त्याच रीतीने. मुलीला मराठी जोडाक्षरे वाचता येत नसत आणि इंग्रजी फक्त पाठ म्हणता येई. कुठल्याच भाषेतली गोष्ट तिने स्वतःहून संपवलेली नसे. आमच्या तुकड्या मात्र पाचांच्या तीन झाल्या, दोन शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि उरलेल्यांवर निकालाचा बडगा आणखी जोरात पडू लागला. असा बडगा पडला की पहिला बळी शनिवारच्या तासाचा जातो. माझा तास दोनदा गेला आणि दोनदा मी तो भांडून परत आणला.

मराठी वाचन पक्के झाल्याशिवाय इंग्रजी वाचन येत नाही, हे माझे अनुभवाचे मत आहे, आणि त्यावर मी ठाम आहे. वाचणे ही सवय एकदाच लागते. ओळीवरून नजर पुढे सरकवणे, न कळलेला शब्द ओलांडून जाणे, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे, कंटाळा आला तरी दोन पाने धीर धरणे, हे सारे मूल आपल्या भाषेत शिकते आणि मग दुसरीकडे नेते. ज्या मुलाने फास्टर फेणेचा पिच्छा पुरवलेला आहे, त्याला इंग्रजी साहसकथेच्या पहिल्या पानाची भीती वाटत नाही.

साधनांची आज पूर्वीसारखी वाण नाही. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. पाचगणीजवळचे भिलार २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. आमच्या मुलांची सहल तिथे नेली होती, आणि जेवायला उशीर झाला तरी कुणी कुरकुर केली नव्हती. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी आणि इंग्रजी दोन्हींतल्या कितीतरी गोष्टी मोबाइलवर फुकट वाचता येतात. आमची 'जोडपुस्तकं' आता एका बोटावर आली. फक्त वर्षातून एक दिवस वाचायचे आणि फोटो वरिष्ठ कार्यालयाला पाठवायचे, यातून काय साधते ते फोटो पाठवणाऱ्यांनाही माहीत आहे. आणि मोबाइलवरची गोष्ट मूल वाचते खरे, पण मध्येच वरून दुसरे काही टपकते. शनिवारच्या तासाला ट्रंकेतून काही टपकत नाही.

वाचकांपैकी कुणाला गावच्या शाळेला पुस्तके द्यावीशी वाटली तर एक विनंती. घरातली अडगळ देऊ नका. अभियांत्रिकीची जुनी क्रमिक पुस्तके, स्पर्धा परीक्षांची शिळी गाईडे, संपत आलेल्या शब्दकोड्यांच्या पुस्तिका, हे सारे आमच्याकडे पोत्यांनी आले आहे. दहा पातळ, रंगीत, सोपी पुस्तके द्या. पाच मराठी आणि त्यांच्याच जोडीची पाच इंग्रजी. आणि ती देताना शाळेला एवढे सांगा की फाटली तर विचारणार नाही.

माझ्यानंतर आलेल्या तरुण शिक्षिकेने हे काम माझ्यापेक्षा अक्कलहुशारीने केले. ट्रंका आता तीन आहेत. तिने संस्थेच्या बैठकीत रीतसर ठराव करून घेतला की वर्षाला वीस पुस्तके हरवली किंवा फाटली तरी त्यांचे निर्लेखन व्हावे, कुणाची चौकशी होऊ नये. मला हे पस्तीस वर्षांत सुचले नव्हते, नियम वाकवण्यातच माझा वेळ गेला. गेल्या वर्षीची यादी तिने मला वाचून दाखवली. चौदा पुस्तके हरवली. त्यांत रूपा हत्ती आहे, दोन्ही भाषांतला.